सहा तास बारा मिनिटं

दोंडाईच्यात मिरचीचा हंगाम आला
की माझा कॉम्प्युटर शिंकतो.
खोटं नाही सांगत. पंख्यात लाल धूळ बसते,
दर रविवारी डबा उघडून
जुन्या दाढीच्या ब्रशानं मी त्याचं नाक पुसतो.
एक जीबी रॅम. फार तापला
की टेबलफॅन त्याच्याकडे, मी घामात.

कोकिळा उधन्याहून आली पॅसेंजरनं.
बारा वर्षांमागचं त्यांच्या घरचं कानबाईचं जागरण
मीच शूट केलेलं,
सात कॅसेटी जोडून सलग ठेवलेलं,
सहा तास चाळीस मिनिटं.
"चित्र नही जोयजे, भाऊ.
माले फक्त मायना आवाज जोयजे.
मोबाइलवर. शिफ्टमा ऐकसू."

मला वाटलं, चित्र काढलं की वजन उतरेल.
झालं उलटंच.
व्हिडिओ दीड जीबीचा,
त्यातला आवाज मोकळा केला तर चार जीबी.
पिळून ठेवलेलं लुगडं
उलगडलं की अंगणभर होतं, तसं.

डिस्कवर जागा तीनच जीबी.
भटू पाटलाची हळद पुसली.
नवराबायको आता बोलत नाहीत,
आणि माझे निम्मे पैसेही आले नव्हते.

पहिल्या रात्री अडतीस टक्क्यांवर लाइट गेली.
दुसऱ्या रात्री ब्याण्णववर.
तिसऱ्या रात्री मी बाकावरच झोपलो,
पहाटे पट्टी भरलेली दिसली.
हेडफोन लावून शेवट ऐकला
आणि सहा तास बारा मिनिटांवर
माय शब्दाच्या मध्येच थांबली.

तिथं वेस आहे म्हणे. चार जीबीची.
त्यापुढं त्या फाइलला गाव नाही.
व्हिडिओ लावून पाहिला:
नारळाला डोळे, हळदीनं माखलेला चौरंग,
बाया पेंगुळलेल्या,
माय गातेय, ओठ हलतायत.
अठ्ठावीस मिनिटं वेशीबाहेर.
आणि पहाटेचीच, बोळवणीची.

चहा मागवला. विचार केला.
तेव्हा माझ्या कॅमेऱ्याला माइक एकच होता,
डाव्या कानात जे, तेच उजव्यात.
मी मूर्ख, एकच बाई
दोनदा साठवत बसलो होतो.

मग मोकळं करायचंच सोडलं.
पिळलेलं तसंच उचलून
दुसऱ्या दांडीवर टाकायचं, लहान घडी करून.
तेही सगळं एकदम नाही.
म्हाताऱ्याला भाकर मोडून द्यावी तसे
तासा-तासाचे तुकडे.
एक घास झाला, की पंखा गार होऊ द्यायचा,
मग दुसरा.

पण तास काही गाणं बघून संपत नाही.
दुसरा तुकडा ओळीच्या पोटातच चिरत होता,
तो सरकवला चार मिनिटं पुढं.
मधल्या शांत जागा काढल्या असत्या
तर अजून हलकं झालं असतं.
काढायला म्हणून कान लावला.
बांगड्या. खोकला. कुणीतरी ताट सरकवलं.
"वं कोकी, दिवाले तेल टाक."
मग बरंच काही नाही.
मग एक पोरसवदा आवाज, झोपेतला:
"टाकं, माय."

नाही काढल्या.

सातही तुकडे मिळून दोनशे एमबीच्या आत.
तिच्या कार्डावर भरून दिले.
तिनं सातवाच आधी लावला,
दुकानाच्या पायरीवर उभी राहून,
फोन कानाशी उलटा धरून.
मी उगाच माऊस पुसत बसलो.

"हाई काय शे, भाऊ? घर्र करस ते?"
म्हटलं, ते मी.
म्हणजे माझा कॅमेरा. कॅसेट फिरायची ना,
तिची मोटर. रात्रभर गाण्याखाली चालूच होती.
काढता येते,
पण अजून एक रात्र लागेल या खटाऱ्याला.

"ऱ्हाऊ द्या."

गाडीची वेळ झाली होती.
पिशवीत सुरतेसाठी घेतलेली दोन किलो मिरची,
तिच्यावरच तिनं फोन ठेवला.
म्हटलं, जपून,
आता तोही शिंकेल.